कविता वाचायला देताना
आपली कविता सर्वांसमोर ठेवण्यापूर्वी तुम्ही ती मोठ्याने वाचून पाहावी, कारण लय कुठे अडखळते हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते. भुजंगप्रयात वृत्तात लिहिले असेल, तर प्रत्येक चरणात 12 अक्षरे आणि चार य-गण (लघु-गुरु-गुरु अशा तीन अक्षरांचा गट) आहेत ना, हे तपासावे. गझलेचा काफिया (यमक) मतल्यातच, म्हणजे पहिल्या दोन ओळींतच ठरतो, पुढे त्यात सवलत नाही. इतरांच्या कवितेवर नुसते ‘छान’ लिहू नये (27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, नाशकात गोदेपेक्षा अशा दादेलाच मोठा पूर येतो). कोणती ओळ भावली आणि कोणती केवळ यमकासाठी आली, ते सांगावे. स्वतःवर टीका झाल्यास अर्थ समजावत बसू नये. मात्र दोघांनी एकाच ओळीवर बोट ठेवले, तर ती पुन्हा लिहावी.