टाके सुकले, वणाचे काय?

प्रश्न : माझे वय ३४ आहे. दोन बाळंतपणांनंतर, अंगावरचे दूध सुटल्यावर छातीचा आकार फारच उतरला, म्हणून पतीशी बोलून मी पाच आठवड्यांपूर्वी पुण्यात स्तनवृद्धीची शस्त्रक्रिया करून घेतली. सांगलीला परतल्यावर घरात फक्त ‘गाठ काढली’ एवढेच सांगितले आहे. दोन्ही स्तनांखालच्या घडीत दीड-दोन इंचांचा एकेक छेद आहे, टाके आतून विरघळणारे आहेत. सुरुवातीला वण बारीक रेषेसारखा दिसत होता, आता तो लाल आणि कडक झाला आहे व त्याला कंड सुटतो. सासूबाई म्हणतात, हळद खोबरेल तेलात कालवून लाव आणि भात, वांगे महिनाभर बंद ठेव. वण बिघडतो आहे का? त्यावर काय लावावे?
एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुम्ही केलेल्या वर्णनावरून वण बिघडत असल्याचे दिसत नाही. कातडी वरून दहा-पंधरा दिवसांत मिटते, परंतु आत शरीराचे काम तेव्हा कुठे जोमात आलेले असते. कोलॅजन या प्रथिनाचे तंतू घाईघाईने भरले जातात, त्यांना रक्त पुरवण्यासाठी बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आणि म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वण पहिल्या पंधरवड्यापेक्षा जास्त लाल, टणक आणि खाजरा होतो. पुढे हेच तंतू हळूहळू नीट रचले जातात व लाली ओसरते, मात्र वण मऊ आणि फिका होण्यास १२ ते १८ महिने लागतात. या काळात त्याची ताकदही बेताचीच असते. तीन महिन्यांनीसुद्धा ती मूळ कातडीच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते, त्यामुळे पाण्याने भरलेली कळशी, गव्हाचे पोते किंवा गॅसची टाकी उचलण्याची घाई नको. साधारण सहा आठवडे उलटल्यावर आणि तुमच्या सर्जनने परवानगी दिल्यावरच अशी कामे सुरू करावीत.

आता हळदीविषयी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा अभिमान मलाही आहे, पण तिची जागा स्वयंपाकघरात आहे. दळलेली हळद निर्जंतुक नसते, तेलात कालवलेला लेप स्तनाखालच्या घडीत घामाबरोबर ओल धरून ठेवतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्या पिवळ्या थराखाली कातडीची लाली वाढते आहे की नाही, हेच कळेनासे होते. जीवनसत्त्व ई ची कॅप्सूल फोडून लावण्याचा सल्लाही अनेकींना मिळतो. तिने वण सुधारतो याला भक्कम आधार नाही, उलट काहींना पुरळ उठते. भात किंवा वांग्याने पू होत नाही, तो जंतूंमुळे होतो. पथ्याच्या नावाखाली अर्धपोटी राहिल्याने मात्र जखम भरण्यास लागणारी प्रथिने कमी पडतात. डाळ, उसळ, दूध आणि चालत असल्यास अंडी रोज खा. आवळा, पेरू, लिंबू यांतून क जीवनसत्त्व मिळते.

लावायचेच असेल तर सिलिकॉनचे जेल किंवा पट्टी वापरा. खपली पूर्ण पडलेली आणि जागा कोरडी असेल, तरच सुरुवात करावी. धुऊन कोरड्या केलेल्या वणावर भाताच्या शिताएवढे जेल घेऊन अगदी पातळ पसरावे आणि ते वाळल्यावरच कपडे घालावेत. पट्टी वापरायची असेल तर ती दिवसातून किमान १२ तास राहिली पाहिजे. उन्हाळ्यात तिच्याखाली घाम साचतो, म्हणून ती रोज काढून धुवावी आणि घामोळे आल्यास काही दिवस थांबावे. हा क्रम दोन-तीन महिने चालू ठेवावा लागतो. तेवढा खर्च झेपत नसेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारी साधी कागदी चिकटपट्टी वणावर लावून ठेवली तरी ताण कमी होऊन फायदा होतो. सर्जनची हरकत नसल्यास अंगठ्याने वण दाबून, पाच-पाच मिनिटे, दिवसातून दोनदा मालिश करावे. हे मालिश फक्त वणाचे, आकार वाढवण्यासाठी स्तनात बसवलेली पिशवी, म्हणजे इम्प्लांट, हलवण्याचे नव्हे. तारेची ब्रेसियर वणावर घासते, तिला सर्जन सांगतील तोवर हात लावू नका.

तुमच्या पत्रातील एका गोष्टीची मला वणापेक्षा जास्त चिंता वाटते. घरात काय सांगावे हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे, पण लपवण्याच्या ओझ्यामुळे स्त्रिया जखम दाखवायलाही जात नाहीत आणि दुखणे अंगावर काढतात. ताप १०० च्या वर गेला, एकच स्तन अचानक सुजला किंवा गरम झाला, लाली पसरू लागली, पू आला अथवा टाक्याची जागा उघडली, तर पुण्याच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सांगली किंवा मिरजेतील सर्जनकडे जा. डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या आणि इम्प्लांट बसवल्याचे स्पष्ट सांगा. ‘गाठ काढली’ असे तिथेही सांगितले, तर उपचार चुकीच्या दिशेने जातील. टाक्याचे पांढरे टोक कातडीतून डोकावले, तर ते ओढू नका, डॉक्टर कापून देतील.

प्रश्न : पुढील महिन्यात माझी हीच शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी तंबाखू बंद करण्यास सांगितले. मी तंबाखू खात नाही, सकाळ-संध्याकाळ फक्त मशेरी लावते. ती चालेल ना?
एक वाचक, कराड

उत्तर : चालणार नाही. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. हिरड्यांतून रक्तात जाणारे निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकते, आणि छेदाच्या कडांना रक्त कमी पडले की त्या काळ्या पडतात, उघडतात, वण रुंद होतो. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मशेरी पूर्ण बंद हवी, म्हणजे तुम्हाला आजच सुरुवात करावी लागेल. सुटत नसेल तर १८००-११२-३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर मदत मिळते. आणि चुकून लावली गेलीच, तर ते शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना सांगा. तारीख पुढे ढकलणे परवडते.

प्रश्न : कान टोचल्यावर माझ्या पाळीवर सुपारीएवढी गाठ वाढली. आईलाही तसेच झाले होते. मी स्तनवृद्धी करावी का? वय २६.
एक वाचक, वाई

उत्तर : तुम्ही सांगता ती गाठ बहुधा केलॉइड आहे. साधा जाड वण छेदाच्या हद्दीतच राहतो आणि काळाने थोडा बसतो; केलॉइड हद्द ओलांडून वाढत जातो, कधी काही महिन्यांनी सुरू होतो आणि नुसता कापला तर बरेचदा परत येतो. छाती आणि खांदे या त्याच्या आवडत्या जागा आहेत, शिवाय आईचा इतिहासही आहे. त्यामुळे आधी त्वचारोगतज्ज्ञाला कान दाखवा. गाठीत स्टेरॉइडची इंजेक्शने काही आठवड्यांच्या अंतराने देतात. त्यांना ती कशी दाद देते हे पाहून, आईच्या इतिहासासकट सगळे प्लास्टिक सर्जनपुढे ठेवा आणि मगच ठरवा. सर्जन कान न पाहताच तारीख देत असतील, तर दुसऱ्याचे मत घ्या.