हिरव्या चिन्हावर किती विसंबायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गूगलवर काही शोधलं की प्रत्येक निकालाशेजारी हिरवं, पिवळं किंवा लाल चिन्ह दाखवणारी जी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायची छोटी साधनं) मिळतात, त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवायचा, आणि आई-वडिलांच्या लॅपटॉपवर एखादं टाकून द्यावं का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. ब्राउझरने स्वतःहून पानभर लाल इशारा दाखवला तर तिथूनच मागे फिरा, तो क्वचितच चुकतो. एक्स्टेन्शनच्या हिरव्या चिन्हाला मात्र काडीचीही किंमत देऊ नका. आणि आई-वडिलांच्या लॅपटॉपवर असलं चिन्हांचं एक्स्टेन्शन टाकू नका. मी छोट्या दुकानदारांच्या आणि क्लासवाल्यांच्या वेबसाइट बनवतो, सांभाळतो. त्यामुळे ही चिन्हं लागतात कशी, हे मला दोन्ही बाजूंनी बघावं लागतं.

या साधनांच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे यादी. कुणीतरी तक्रार करतं किंवा गूगल-मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेला एखादं पान सापडतं, ते फसवं निघतं आणि त्याचा पत्ता यादीत जातो. क्रोम आणि फायरफॉक्स गूगलची सेफ ब्राउझिंग यादी वापरतात, एजमध्ये मायक्रोसॉफ्टचं स्मार्टस्क्रीन असतं. दुसरी गोष्ट म्हणजे निव्वळ अंदाज. डोमेन (साइटचं नोंदवलेलं नाव) किती जुनं, मालकाचं नाव उघड की झाकलेलं, सर्व्हर कुठल्या देशात, त्याच सर्व्हरवर आणखी कोण आहे, लोकांनी काय मत दिलंय, अशा सगळ्याची गोळाबेरीज करून गुण दिले जातात. यादीतल्या लालमागे काहीतरी पुरावा असतो, गुणांमधल्या लालमागे फक्त संशय. पण चिन्हाचा रंग एकच, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नाही.

अंदाजाची गंमत बघा. लोणची-मसाले विकणाऱ्या एका ताईंची साइट मी करून दिली. डोमेन नवं, मालकाचं नाव झाकलेलं (आजकाल डोमेन विकणारेच ते आपणहून झाकतात), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) स्वस्तातलं, म्हणजे एकाच सर्व्हरवर ओळखीपाळखी नसलेल्या शेकडो साइट्स. एका साधनाने त्यांच्या दुकानावर ‘सावध राहा’ असा शेरा मारला. गिऱ्हाईक फोन करून विचारायला लागले. ताईंचा गुन्हा एवढाच की त्यांचा धंदा नवा होता.

आता याच मापाने भामटा कसा मोजला जातो? तो मुदत संपलेलं जुनं डोमेन विकत घेतो, किंवा एखाद्या शाळेची वर्षानुवर्षं अपडेट न झालेली वर्डप्रेस साइट फोडून तिच्या कोपऱ्यात बँकेचं खोटं लॉगिन पान ठेवतो. डोमेन जुनं, बदनामी काही नाही, गुण उत्तम. त्याहून सोपं म्हणजे गूगल फॉर्म्ससारख्या किंवा फुकट साइट बनवून देणाऱ्या एखाद्या मोठ्या सेवेवरच पान उभं करायचं. मग गुण मिळतात ते त्या मोठ्या कंपनीच्या नावाला, आणि चिन्ह हिरवंगार.

म्हणून हिरव्याचा अर्थ पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीसारखा घ्यावा: आमच्या दफ्तरी सदर इसमाविरुद्ध आजपर्यंत नोंद नाही. इसम सज्जन आहे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

यादीचा दोष वेगळा आहे. ती खोटं फारसं बोलत नाही, पण उशिरा बोलते. २०२० साली काही संशोधकांनी फिशिंगच्या (खोट्या पानावर पासवर्ड वगैरे काढून घेण्याच्या) हल्ल्यांचा पहिल्या बळीपासून शेवटच्या बळीपर्यंत माग काढला. एक हल्ला सरासरी २१ तास चालत होता. तो पकडला जायला पहिल्या बळीनंतर सरासरी ९ तास लागत होते, आणि पकडल्यावरही ब्राउझरमधले इशारे पुरते पसरायला आणखी ७ तास. म्हणजे २१ पैकी १६ तास भामट्याला मोकळं रान. त्यानंतर सुधारणा झाली. आधी क्रोम ही यादी दर अर्ध्या-एक तासाने संगणकावर उतरवून घ्यायचं. मार्च २०२४ मध्ये गूगलने सांगितलं की सरासरी घातक साइट दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही, आणि म्हणून पत्ते त्या-त्या क्षणी तपासायला सुरुवात केली. त्यामुळे २५ टक्के जास्त फिशिंग अडेल, असा त्यांचाच अंदाज होता. बदल चांगलाच आहे. पण मुळात पान कुणीतरी पाहून फसवं ठरवलेलं असायला हवं, ही अट तशीच राहते.

आणि ते पाहू न देण्याची कलाही भामट्यांना चांगली अवगत आहे. भारतातल्या मोबाइलवरून कुणी आलं तरच बँकेचं खोटं पान दाखवायचं. तपासणी करणारं यंत्र अमेरिकेतल्या सर्व्हरवरून आलं की त्याला साधा ब्लॉग नाहीतर कोरं पान. यंत्र समाधानाने परत जातं.

मग अंदाज कडक केला तर? तेही करून झालं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी तेव्हाची दहा फिशिंगविरोधी साधनं तपासली. ९० टक्क्यांहून जास्त फसवी पानं सातत्याने ओळखणारं एकच साधन निघालं, आणि त्याच साधनाने ४२ टक्के चांगल्या साइट्सनाही फसवं ठरवलं. साधनं तेव्हापासून पुष्कळ सुधारली, पण ही ओढाताण सुटलेली नाही. जाता जाता, ३१ जानेवारी २००९ ला गूगलच्या यादीत कुणीतरी चुकून नुसती तिरकी रेघ (/) टाकली. तिरकी रेघ प्रत्येक पत्त्यात असते, त्यामुळे साधारण ४० मिनिटं शोधात दिसणारी जगातली झाडून सगळी वेबसाइट ‘तुमच्या संगणकाला अपाय करू शकते’ अशी दिसत होती!

आपल्याकडचं एक उदाहरण घेतो, कारण त्यात ही साधनं किती हतबल होतात ते नीट दिसतं. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (एचएसआरपी) बसवायची सक्ती महाराष्ट्रात झाली. राज्याचे तीन विभाग करून तीन कंपन्यांना काम दिलं गेलं. दुचाकीला ४५० रुपये, चारचाकीला ७४५, वर जीएसटी. लगेच खोट्या बुकिंग साइट्स उगवल्या आणि परिवहन विभागाला लोकांना सावध करावं लागलं. आता मौज अशी की खऱ्या कंपन्यांच्या बुकिंग साइट्सही सरकारी ‘गव्ह डॉट इन’वर नव्हत्या. त्या खाजगी नावांच्या होत्या, आणि नावंही अशी, एमएच आणि एचएसआरपी ही अक्षरं मागेपुढे करून केलेली, की खरी कुठली आणि खोटी कुठली हे नावावरून ओळखणं सामान्य माणसाला अशक्य. खऱ्याही नव्या, खोट्याही नव्या. वय बघून गुण देणाऱ्या साधनाने इथे काय सांगायचं? खात्रीचा रस्ता एकच होता: ‘ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ उघडायचं आणि तिथल्या दुव्यावरून पुढे जायचं. मला विचाराल तर हे बुकिंग सरकारी पत्त्यावरच ठेवलं असतं तर निम्मा गोंधळ झालाच नसता.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ते केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन जाहीर केलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. हे डोमेन कुणालाही पैसे टाकून मिळत नाही. त्यामुळे बँकेच्या पानाचा पत्ता पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो का, एवढं बघणं कुठल्याही एक्स्टेन्शनपेक्षा जास्त कामाचं. मात्र ते शेवटीच हवं. मध्ये कुठेतरी ‘बँक’ आणि ‘इन’ घुसवून पुढे ‘डॉट कॉम’ लावलेलं चालत नाही.

कुलपाच्या चिन्हाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. कुलूप म्हणजे तुम्ही आणि साइट यांच्यातला मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही, इतकंच. समोर चोर असेल तर चोराशी सुरक्षित बोलणं होतं. गूगलने २०२१ साली पाहणी केली तेव्हा कुलपाचा बरोबर अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. पुढे २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं.

आता वेगळं एक्स्टेन्शन का नको, ते. माझ्या मते हाच या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. तुम्ही उघडलेलं पान कसं आहे हे सांगायचं तर एक्स्टेन्शनला त्या पानाचा पत्ता आपल्या सर्व्हरला विचारावा लागतो. प्रत्येक पानाचा, दिवसभर. म्हणून ते टाकताना ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागतं आणि आपण हो म्हणतो. फिनलंडमध्ये सुरू झालेलं ‘वेब ऑफ ट्रस्ट’ हे या जातीतलं सर्वांत नावाजलेलं एक्स्टेन्शन, लोकांच्या मतांवर रंग देणारं. नोव्हेंबर २०१६ मध्ये एनडीआर या जर्मन वाहिनीने उघड केलं की त्याच्या वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा इतिहास बाजारात विकला जात होता. पत्रकारांनी बनावट कंपनी दाखवून सुमारे ३० लाख जर्मन लोकांचा डेटा नमुना म्हणून चक्क फुकट मिळवला. त्यात नावं नव्हती, पण उघडलेल्या पानांच्या पत्त्यांवरून माणसं ओळखू येत होती. एका पोलीस अधिकाऱ्याने गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकलेला तपासाचा मजकूर पत्त्यातच सापडला, कारण तिथे भाषांतराचा मजकूर पत्त्यात जायचा. मोझिला (फायरफॉक्सवाले) आणि गूगल यांच्या एक्स्टेन्शनच्या दुकानांतून ते एक्स्टेन्शन खाली आलं, नंतर बदल करून परतलं.

हे एकच असतं तर अपवाद म्हटलं असतं. अव्हास्ट हे तर अँटिव्हायरसमधलं मोठं नाव. त्यांचं ऑनलाइन सिक्युरिटी एक्स्टेन्शन साइट्सची सुरक्षितता सांगायचं, आणि जमा झालेला इतिहास जम्पशॉट ही त्यांचीच कंपनी विकायची. पत्रकारांनी बोभाटा केल्यावर जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड आणि जाहिरातींसाठी असा डेटा विकायला बंदी जाहीर केली. धोका टाळायला जे बसवलं तेच घरची खबर बाहेर देत होतं.

सेफ ब्राउझिंगची नेहमीची पद्धत याहून बरी आहे. पत्त्याचं एका ठरावीक गणिती रीतीने चूर्ण केलं जातं आणि त्यातला फक्त सुरुवातीचा तुकडा पाठवला जातो. तोही मधल्या एका तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे, म्हणजे तो तुकडा कुणाकडून आला हे गूगलला कळू नये. सेफ ब्राउझिंगमधलं ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ हे सेटिंग चालू केलं तर मात्र पत्ते गूगलकडे जातात आणि बदल्यात तपासणी जास्त कडक होते. माझ्या स्वतःच्या संगणकावर मी ते चालू करत नाही. आई-वडिलांच्या लॅपटॉपवर करीन, कारण तिथे धोका जास्त मोठा आहे.

तर लॅपटॉपसाठी: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सेफ ब्राउझिंग चालू आहे ना बघा, आधीची अनोळखी एक्स्टेन्शन्स काढून टाका, आणि बँक, वीजबिल, रेल्वे, पेन्शन असे त्यांच्या नेहमीच्या कामाचे पत्ते स्वतः तपासून बुकमार्क करून द्या. पैसे भरायचे ते फक्त तिथूनच, गूगलवर शोधून नाही. शोधनिकालांत वर दिसणाऱ्या जाहिराती कुणीही विकत घेऊ शकतो. जाहिराती अडवणारं चांगलं एक्स्टेन्शन या एका कारणासाठी मी टाकून देईन.

पण खरं सांगू? तुमच्या आई-वडिलांना बहुधा लॅपटॉपवर कुणी फसवणार नाही. फसवणुकीचा दुवा येतो व्हॉट्सअॅपवर आणि उघडतो मोबाइलमध्ये, आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स चालतच नाहीत. लॅपटॉपवरची हिरवी-लाल चिन्हं तिथे आंधळी. ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल (अँड्रॉइड अॅप बसवणारी फाइल) तर वेबसाइटच नसते, तिला रंग कोण देणार? त्यासाठी मोबाइलमध्ये व्हॉट्सअॅपला आणि ब्राउझरला ‘अनोळखी अॅप इन्स्टॉल’ करायची परवानगी बंद ठेवा, आणि अॅप तपासणारं गूगल प्ले प्रोटेक्ट चालू. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. तिथे मिनिटं मोजली जातात.

एखादाच दुवा संशयास्पद वाटला तर व्हायरसटोटल या दुवे तपासणाऱ्या साइटवर चिकटवून बघायला हरकत नाही. तिथे तो एकदम कित्येक कंपन्यांच्या याद्यांशी ताडून मिळतो. कुणीच काही म्हटलं नाही तर त्याला निर्दोष समजू नका, दोघा-तिघांनी लाल म्हटलं तर सोडून द्या. फक्त पासवर्ड बदलायचा, तिकिटाचा किंवा कुणी शेअर केलेल्या कागदपत्राचा खाजगी दुवा तिथे टाकू नका, कारण तिथे टाकलेलं इतरांनाही बघता येतं.