लिव्हरमधला पू ऑपरेशन न करता नळीने काढला, तर पेशंट पूर्ण बरा होतो का?

तुम्ही लिहिलंय की बाबांचं वय 52, आठवडाभर थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखतं आणि सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या भागात 9 सेंमीचं गळू दिसलं. डॉक्टर म्हणतात सोनोग्राफीत बघून नळी टाकू. मोठे काका म्हणतात हे अर्धवट काम आहे, नागपूरला नेऊन ऑपरेशनच करून घ्या. गाव राळेगाव तालुक्यात.

हो, बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात. बाबांची स्थिती तुम्ही लिहिली तशीच असेल, तर नळी हाच पहिला इलाज आहे. ऑपरेशन करावं की नाही या वादात दोन दिवस घालवू नका. अशा आजारात बहुतेक वेळा नुकसान होतं ते उशिरामुळे.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे आणि विदर्भातच काम करतो. लिव्हरच्या गळवाचे पेशंट आमच्याकडे सतत येतात, त्यातही शेतकरी, शेतमजूर आणि ड्रायव्हर माणसं जास्त. काकांनी विचारलं तेच जवळजवळ प्रत्येक घरातून कोणीतरी विचारतं: "काहून जी, एवढ्याशा भोकातून सारा पू निघून जाते का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आत नेमकं काय करतात ते सांगतो.

आधी रक्त तपासतात. प्लेटलेट आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, हे दोन आकडे ठीक असल्याशिवाय लिव्हरमध्ये सुई घालायची नसते, कारण लिव्हर रक्ताने भरलेला अवयव आहे. बाबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, अगदी हृदयासाठी रोजची छोटी ॲस्पिरिन असली तरी, न विचारता डॉक्टरांना सांगा.

मग पेशंटला उताणं झोपवून उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावतात, म्हणजे बरगड्यांमधली जागा रुंदावते. सोनोग्राफीचा प्रोब फिरवून सुईची वाट ठरवली जाते. माझ्या दृष्टीने खरं कौशल्य इथेच लागतं. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून जायला हवी, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिनी आणि नस जाते. सुई फुप्फुसाच्या टोकाला लागता कामा नये. शिवाय गळवापर्यंत पोचण्याआधी तिने थोडं चांगलं लिव्हर पार केलेलं असावं, म्हणजे ते मांस नळीभोवती घट्ट बसतं आणि पू पोटात झिरपत नाही. पोट उघडणाऱ्या सर्जनला वरून दिसतं ते लिव्हरचं बाहेरचं अंग. आम्हाला पडद्यावर त्याच्या आतलं दिसत असतं आणि सुईचं टोक चमकत पुढे सरकताना दिसतं. म्हणून "न बघता टोचतात" ही भीती मनातून काढून टाका.

जागा बधिर करण्याच्या इंजेक्शनने थोडं झोंबतं. सुई गळवात गेली की तिच्यातून बारीक तार सोडतात, सुई काढून घेतात, तारेवरून वाट थोडी रुंद करतात आणि त्याच तारेवरून नळी आत सरकवतात. तार काढली की नळीचं टोक आत गोल वळतं, म्हणून ती सहजी निसटत नाही. बारा नंबरची नळी म्हणजे जाडी फक्त 4 मिलिमीटर. पण अमीबाच्या (दूषित पाण्यातून पोटात जाणाऱ्या सूक्ष्म जंतूच्या) गळवातला पू बहुधा तपकिरी, चॉकलेटच्या रंगाचा आणि वाहता असतो, तो तेवढ्या नळीतून भराभर उतरतो. कित्येक दिवस खोल श्वास घेता न आलेला माणूस टेबलावरच म्हणतो, "आता दम लागून नाही राह्यला." सगळं मिळून साधारण अर्धा तास. भूल नाही, टाके म्हटले तर नळी कातडीला बांधण्यापुरता एखादा.

काकांना हेही सांगा की ही पद्धत नवीन किंवा प्रयोगातली नाही. सुई, तार आणि तारेवरून नळी ही युक्ती स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडली. 1964 मध्ये अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी याच वाटेने एका 82 वर्षांच्या बाईच्या मांडीतली बंद होत आलेली रक्तवाहिनी मोकळी केली. तिच्या पायाची बोटं काळी पडली होती, सर्जन पाय कापायचा म्हणत होते आणि ती तयार नव्हती. तो पाय वाचला. किडनीत खडा अडकून पू झाला तर पाठीतून टाकतात ती नळी, पित्ताचा मार्ग बंद होऊन वाढलेल्या काविळीत लिव्हरमधून टाकतात ती नळी, जुन्या टीबीनंतर खोकल्यातून भळभळा रक्त पडलं तर मांडीतून किंवा मनगटातून आत जाऊन ती रक्तवाहिनी बुजवणं, हे सगळं याच घराण्यातलं काम. शेवटच्या प्रकाराला कॅथलॅब, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या कामाची खास खोली लागते, ती तालुक्याला मिळत नाही. गळवाच्या नळीला मात्र चांगलं सोनोग्राफी मशीन आणि सवयीचा हात पुरतो.

आता काकांचं म्हणणं कुठे बरोबर ठरतं तेही सांगायला हवं. गळू पोटात फुटून पू सगळीकडे पसरला, पोट लाकडासारखं कडक झालं, तर ऑपरेशन लागू शकतं. पू घट्ट असेल, आत पडदे पडून कप्पे झाले असतील आणि नळीतून काही येत नसेल, तेव्हाही लागतं. गळवाचं मूळ पित्ताशयात किंवा अपेंडिक्समध्ये असेल तर त्याचा वेगळा बंदोबस्त करावा लागतो. उलट अमीबाचं लहान गळू बहुतेकदा नुसत्या औषधानेही जिरतं, त्याला नळीसुद्धा लागत नाही. बाबांचं 9 सेंमीचं आहे आणि त्रास आठवडाभराचा आहे, म्हणून डॉक्टर नळी म्हणत असतील तर मला ते पटतं.

सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. गळू एकच असेल आणि सोनोग्राफीत स्वच्छ दिसत असेल तर त्यावर काम भागतं. गळवं अनेक असतील, डाव्या भागात असेल (तिथून ते हृदयाच्या आवरणात फुटू शकतं) किंवा ही कॅन्सरची गाठ तर नाही ना अशी शंका असेल, तर सीटी करूनच घ्या. एक गोष्ट घरच्यांनी आपणहून सांगावी अशी: घरी शेळ्यामेंढ्या आणि कुत्री असतील तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. कुत्र्यांमधून पसरणाऱ्या एका जंताने लिव्हरमध्ये पाण्याची गाठ होते, हायडॅटिड म्हणतात तिला. कधीकधी ती गळवासारखीच दिसते. तिला तयारीशिवाय सुई लावली तर जिवावर बेतेल अशी ॲलर्जी येऊ शकते. फोटोत तिच्या खुणा बहुतेक ओळखू येतात, पण माहिती असलेली बरी.

आणि पोट चोळून घेऊ नका. बेंबी सरकली म्हणून गावात पोट दाबून, चोळून घेतात, पोटावर डागही देतात. चोळणारा जवळचा माणूस असतो, त्याच्या मनात वाईट नसतं, पण आत ताणलेलं गळू असेल तर दाबामुळे ते फुटू शकतं. याबाबतीत घरात कोणाचीही भीड धरू नका.

नागपूरला न्यायचं का? सध्याच्या दवाखान्यात हे काम नेहमी होत असेल, सर्जन हाताशी असेल आणि बाबांचं बीपी आणि लघवी ठीक असेल, तर तिथेच करा. बीपी उतरतंय, धाप लागतेय, डोळे पिवळे झालेत, लघवी कमी झालीय, माणूस बरळतोय, यातलं काहीही दिसलं तर मोठ्या ठिकाणी न्या, पण त्यासाठी नागपूरच गाठलं पाहिजे असं नाही. राळेगावहून यवतमाळचं मेडिकल कॉलेज आहे आणि वर्ध्याच्या बाजूला सेवाग्राम, सावंगी आहे. 108 बोलवा, काळीपिवळीत बसवून नेऊ नका. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो, पैसे भरण्याआधी त्याला गाठून बाबांचा इलाज योजनेत बसतो का ते विचारा. सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट आणि सीटी झाला असेल तर त्याची सीडी बरोबर न्या, नाहीतर तीच तपासणी पुन्हा करावी लागते.

नळी टाकल्यावर त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप चढू शकतो, घाबरू नका, पण नर्सला लगेच सांगा. क्वचित रक्तस्राव होतो, पित्त येतं किंवा छातीत हवा शिरते. याची कल्पना डॉक्टरांनी द्यायला हवी, दिली नसेल तर विचारा. नळीला जोडलेली पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहू द्या आणि रोज किती पू आला ते वहीत लिहा. नळी सहसा काही दिवस ते एक-दोन आठवडे राहते आणि रोजचा निचरा दहा-वीस मिलिलिटरच्या खाली आला की काढतात. पू अचानक थांबला आणि ताप मात्र चालूच असेल, तर गळू बरं झालं असं समजू नका. नळी मुडपली असेल, बुजली असेल किंवा सरकली असेल. अशा वेळी पुन्हा सोनोग्राफी करायला लावा.

बरं वाटलं की औषध सोडून देणं हे मी फार पाहतो आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो, कारण तीच माणसं पुन्हा येतात. अमीबाचं गळू असेल तर मेट्रोनिडॅझोलने लिव्हरमधला अमीबा मरतो, पण आतड्यात लपलेला राहू शकतो, त्याच्यासाठी नंतर वेगळं औषध असतं. सुट्टीच्या कागदावर ते लिहिलंय का बघा, नसेल तर विचारून घ्या. बाबा दारू घेत असतील तर ती पूर्ण बंद. या औषधावर दारू चालत नाही आणि लिव्हरलाही ती आता झेपणार नाही. घरात सगळ्यांनीच पाणी उकळून प्यावं, कारण बाबांना ज्या पाण्यातून हे लागलं असेल तेच पाणी घरातले सगळे पीत असतात.

महिन्याने सोनोग्राफी केली तर रिपोर्टवर "पोकळी अजून दिसते" असं येऊ शकतं. ताप नसेल, भूक लागत असेल, वजन भरत असेल, तर त्या पोकळीसाठी पुन्हा नळी किंवा ऑपरेशन कोणी सुचवलं तरी आधी नळी टाकणाऱ्या डॉक्टरांना विचारा. 9 सेंमीची जागा भरून यायला कित्येक महिने लागतात.