फंड कंपनी विकली जातेय. पैसे काढून पतपेढीत ठेवू का?

कळवा-खारेगावहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ६३, शाळेतून निवृत्त, पेन्शन चालू. २०१९ ते २०२४ या काळात एसआयपीतून (दरमहा ठरावीक हप्त्यानं) साडेसहा लाख रुपये म्युच्युअल फंडाच्या दोन इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या, योजनांत गेले, त्याचे आज ११ लाख झालेत. त्याच फंड कंपनीच्या क्रेडिट रिस्क योजनेत (ही कंपन्यांच्या रोख्यांत, म्हणजे कर्जात, पैसे लावते) आणखी ३ लाख आहेत. आता कंपनी दुसऱ्या समूहाकडे जात असल्याचं पत्र आलं. धास्तावून त्यांनी ठरवलंय की सगळे १४ लाख काढायचे आणि पतपेढीत ठेवायचे. पिग्मी गोळा करायला येणारे एजंट ओळखीचे आहेत, आणि व्याजही बँकेपेक्षा जास्त आहे. "कंपनीच बुडाली तर माझे पैसे कोण देणार?" असं त्या विचारतात.

ताई, तुमची भीती अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या पिढीनं यूटीआयची (युनिट ट्रस्टची) युनिट ६४ ही योजना पाहिलीय. जुलै २००१ मध्ये पैसे काढणंच बंद झालं, तेव्हा ठाण्यातल्या कितीतरी घरांत निवृत्तीचा पैसा अडकला होता. पण त्या योजनेत युनिटची (योजनेतल्या एका हिश्शाची) किंमत यूटीआय स्वतः ठरवत असे, आतल्या गुंतवणुकीच्या बाजारभावाशी ती बांधलेली नव्हती. आजच्या योजनांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, रोज बाजारभावानं काढली जाते आणि जाहीर होते.

तुमचा पैसा फंड कंपनीच्या खात्यात नसतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. तो एका ट्रस्टचा असतो. घेतलेले शेअर आणि रोखे कस्टोडियनकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे, राहतात. तुमच्या युनिटची नोंद कॅम्स किंवा केफिनटेकसारख्या रजिस्ट्रारकडे असते. फंड कंपनी फक्त कारभार बघते आणि त्याची फी घेते. ती उद्या कर्जबाजारी झाली तरी तिला कर्ज दिलेल्यांना या पैशावर हक्क सांगता येत नाही. अशा वेळी ट्रस्टचे विश्वस्त बाजार नियामक सेबीच्या मंजुरीनं दुसरी कंपनी नेमतात, नाहीतर योजना गुंडाळून तिच्यातली गुंतवणूक विकतात आणि आलेले पैसे युनिटधारकांना वाटतात. तुमच्या बाबतीत तर कंपनी बुडतही नाहीये, मालक बदलतोय. फिडेलिटीच्या योजना २०१२ मध्ये एल अँड टीकडे गेल्या, २०२२ मध्ये तिथून एचएसबीसीकडे. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचे युनिट तसेच पुढे गेले. योजनेचं नाव बदललं, काही योजना एकमेकींत विलीन झाल्या, इतकंच.

पतपेढीचं गणित नेमकं उलटं आहे. तिथे ठेव ठेवली की तो पैसा संस्थेचा होतो आणि संस्था फक्त तुमचं देणं लागते. संस्थेनं कोणाला कर्ज दिलं, ते वसूल होतंय का, यावर तुमची ठेव उभी. बँकेतल्या ठेवीला व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला ते संरक्षण लागूच नाही. एजंट भला माणूस असेल, रोज दारात येतही असेल, पण संस्थेचा ताळेबंद त्याच्या हातात नसतो. फंड कंपनी बुडेल म्हणून पतपेढीत जाणं मला अजिबात पटत नाही. पोटतिडकीनं सांगतो, हे करू नका.

शिवाय कर आहे. मालक बदलताना एक्झिट लोड (पैसे काढताना कापली जाणारी फी) माफ असतो, तुमच्या पत्रात त्यासाठी ३० दिवस दिलेत. कर मात्र माफ नसतो. इक्विटीतून सगळे ११ लाख काढलेत तर नफा साडेचार लाख. त्यातले वर्षाला करमुक्त असलेले १.२५ लाख वजा जाता ३.२५ लाखांवर १२.५ टक्के, सेस (करावरचा उपकर) धरून ४२,२५० रुपये. एवढी रक्कम भीतीपोटी भरायची का?

माझी खरी काळजी त्या ३ लाखांची आहे. क्रेडिट रिस्क योजना मुख्यतः कमी पतमानांकनाच्या (कर्ज फेडतील याची खात्री कमी असलेल्या) कंपन्यांचे रोखे घेते. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीनं सहा डेट (रोख्यांच्या) योजना बंद केल्या, २५,००० कोटींहून जास्त रक्कम अडकली. कंपनी बुडाली नव्हती, योजनांतले रोखे विकले जात नव्हते. फेब्रुवारी २०२१ पासून पैसे हप्त्याहप्त्यानं परत मिळू लागले आणि शेवटी सगळे मिळाले, पण ज्याला मध्येच गरज पडली त्याचे हाल झाले. म्हणून मालक कोण यापेक्षा योजनेत आहे काय, हे बघा. दर महिन्याचं फॅक्टशीट त्यासाठीच असतं.

आणि तुम्हाला गरज आहेच. तुम्हीच लिहिलंय की इमारत पुनर्विकासाला चाललीय आणि वाढीव जागेसाठी दीड-दोन वर्षांत बिल्डरला ४ लाख द्यायचेत. क्रेडिट रिस्कचे ३ लाख या ३० दिवसांत, लोड न भरता काढा. त्यावर जो काही कर येईल तो द्यावा, इथे मी तो बघणार नाही. इक्विटीतून फक्त १ लाख काढा. त्यातला नफा १.२५ लाखांच्या आतच राहील, म्हणजे यंदा दुसरा असा नफा नसेल तर त्यावर कर नाही. हे ४ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवा. त्या बँकेत तुमची आणखी ठेव असेल तर दुसरी बँक निवडा, म्हणजे विम्याची मर्यादा ओलांडली जाणार नाही.

उरलेले १० लाख आहेत तिथेच राहू द्या. बाजार पडला तर ते कमी होतील, ती जोखीम जुन्या मालकाकडेही होतीच. नवी कंपनी योजनेचं धोरणच बदलू लागली तर मात्र मला परत लिहा.

तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटच्या तिन्ही फोलिओंत (फंडातल्या खात्यांत) नॉमिनीच्या जागी 'नोंद नाही' असं आहे. हे आधी करा. घरबसल्या होतं, नाहीतर ठाण्यातल्या रजिस्ट्रारच्या सेवाकेंद्रात फॉर्म भरून द्या. आणि "तुमचा फंड बंद होतोय, या लिंकवर माहिती भरा" असा फोन किंवा मेसेज आला तर ओटीपी कुणालाही सांगू नका. हस्तांतरासाठी तुम्हाला काहीही भरून द्यावं लागत नाही.