वेगवान विमानाला कोणते इंजिन?

प्रश्न : उंच पंखाचे शिकाऊ रेडिओ-नियंत्रित विमान मी वर्षभर उडवत आहे. आता वेगवान विमान घ्यायचे आहे. त्यासाठी मोठे इंजिन घ्यावे का?

उत्तर : नुसत्या मोठ्या इंजिनाने वेग वाढेलच असे नाही, वजन मात्र नक्की वाढते. पातळ, खालच्या पंखाचे विमान आणि ७.५ सीसीचे टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (तापलेल्या तारेच्या प्लगने इंधन पेटवणारे छोटे इंजिन) आपणांस पुरेसे आहे. खरी मेख प्रॉपेलरमध्ये आहे : १० बाय ६ ऐवजी ९ बाय ७ इंचांचा प्रॉपेलर (पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकेल त्या अंतराचा) लावून मिनिटाला १४,००० फेरे मिळाले, तर हवेत प्रॉपेलर घसरल्याने होणारी घट न धरता हिशेबाने ताशी सुमारे १५० किलोमीटर वेग निघतो. असे विमान उतरतेही वेगाने, म्हणून शाळेच्या मैदानाचा विचार सोडावा. नवे इंजिन इंधनाच्या पहिल्या काही टाक्या संपेपर्यंत जास्त इंधनाच्या मिश्रणावर चालवावे. तोवर सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराची रेघ सतत दिसली पाहिजे.