जयसिंगपूरला अकराव्यांदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 31, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, हातात वर्षाला 18 रजा, प्रवासवर्णन लिहायची हौस दांडगी. नोकरी सोडून वर्षभर भटकावं, की शनिवार-रविवारवर भागेल? आणि कॅमेरा कुठला घ्यावा?

नोकरी सोडू नका. मी 22 वर्षं लेखापरीक्षणाची नोकरी करते आणि त्यातली 16 वर्षं सोबत प्रवासाचं लिहिते. पहिल्या लेखाचं मानधन 350 रुपये आलं होतं, तेही सहा महिन्यांनी. आज बरं मिळतं, पण वर्षभराचं सगळं मानधन एकत्र केलं तरी माझा एका महिन्याचा पगार होत नाही. लिखाणावर घर चालवायचं ठरवलंत की हॉटेलवाल्यांचं कौतुक लिहावं लागतं. पगार चालू असला की ‘इथलं जेवण भिकार आहे’ असं बिनधास्त लिहिता येतं. मला तरी हा फायदा मानधनाहून मोठा वाटतो.

18 रजांचं दुःखही करू नका. तुमच्या प्रश्नात लडाख, स्पिती, मेघालय, व्हिएतनाम अशी यादी आहे. ही यादीच तुमची खरी अडचण आहे असं मला वाटतं. चार दिवस स्पितीला जाऊन तुम्ही जे लिहाल, ते तुमच्या आधी चार दिवस स्पितीला गेलेल्या प्रत्येकाने लिहिलंय. तिथला रस्ता, तिथला मठ, तिथला चहा. तुमचा दोष नाही. चार दिवसांत कुणालाही तेवढंच दिसतं.

माझं उदाहरण देते. कामानिमित्त कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या पतसंस्थांचं ऑडिट माझ्याकडे यायचं. मुक्काम जयसिंगपूरच्या एका लॉजवर. (पहिल्या वेळी मालकाने तीनदा विचारलं, ‘बाई, एकट्याच?’ चौथ्या वेळी तो स्वतःहून कोपऱ्यातली शांत खोली द्यायला लागला.) पहिल्या खेपेला रविवार मोकळा मिळाला, तशी मी खिद्रापूरला कोपेश्वर मंदिर बघून आले आणि लेख लिहिला. शिलाहारांच्या काळातलं काम, स्वर्गमंडपाच्या छतात मधोमध आकाशाला उघडा गोल, शिवालय असून समोर नंदी नाही. एकही गोष्ट चूक नव्हती. लेख छापूनही आला. आज वाचला तर मला ओळखता येणार नाही की तो मी लिहिलाय.

चौथ्या खेपेला जुलै होता. मी व्हाउचर तपासत बसलेले आणि ऑफिसातलं कुणीच कामात नाही. जो तो फोनवर विचारतोय, ‘राजारामला किती?’ मला वाटलं कुणी आजारी आहे, ताप विचारतायत. मग कळलं, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. सांगलीला नातेवाईक असलेले आयर्विन पुलाचे फूट विचारत होते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले का, कोयनेतून किती सोडलंय, खाली कर्नाटकातले अलमट्टी धरणवाले काय करतायत. डबा घेऊन आलेली सत्तरीची आजी माझ्याशी क्युसेकमध्ये, म्हणजे धरणातून सुटणाऱ्या पाण्याच्या मापात बोलत होती! त्या दोन दिवसांत मला कळलं की या भागात पावसाचं बोलणं मिलिमीटरमध्ये होत नाही, फुटांत होतं. आणि 43 हा आकडा ऐकला की माणसं आधी कपाटातल्या वस्तू वरच्या मजल्यावर नेतात.

त्याच आठवड्यात नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी दत्तमंदिरात शिरलं. पाणी उत्तरेकडून आत येतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. जे पाणी कुरुंदवाडच्या एखाद्या घरात शिरलं तर आपत्ती, तेच इथे पर्वणी. एकाच बसमध्ये दोन्ही प्रकारची माणसं शेजारी बसलेली. एक बाई स्नानाला चाललेली, तिच्या शेजारची म्हातारी बहिणीच्या घरातलं धान्य हलवायला. हा लेख मला पहिल्या खेपेला मिळाला नसता. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही नाही, तेव्हा मी उसाच्या हंगामात गेले होते आणि रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचा आवाज ऐकत जागी होते. (तोही एक लेख आहे, अजून लिहायचा राहिलाय.)

म्हणून माझं सांगणं एवढंच: एक गाव धरा. पुण्याहून रात्रीच्या गाडीने पोचता येईल असं. वर्षातून तीनदा जा, वेगवेगळ्या ऋतूत. उन्हाळ्यात नदी आटलेली बघा, बाजाराच्या दिवशी जा, काहीच नसलेल्या मंगळवारी जा. तिसऱ्या खेपेला चहावाला ‘आलात का’ म्हणेल. त्यानंतर तो जे बोलेल ते तुमच्या वहीत उतरेल आणि दुसऱ्या कुणाच्या नसेल. 18 रजांत हे आरामात बसतं.

कामानिमित्त फिरायला मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. आपल्याकडे ही परंपरा जुनीच आहे. ‘माझा प्रवास’ लिहिणारे गोडसे भटजी कोकणातल्या वरसईहून उत्तरेत गेले ते हिंडायला नव्हे. घरावर कर्ज होतं, दक्षिणा मिळवायला गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. लिहिलं 1883 मध्ये, आठवणीतून, आणि छापलं गेलं ते 1907 मध्ये. त्यांच्या लिखाणात अजून जीव आहे, कारण पोटापाण्याच्या कामाने निघालेल्या माणसाची नजर त्यात आहे. कुठे काय खायला मिळालं, कुणी काय दिलं, हे त्याला बघावंच लागतं.

पण माझी स्मरणशक्ती गोडसे भटजींची नाही, तुमचीही नसावी. एकदा मी आठवणीतून ठोकून दिलं, ‘सकाळी साडेसहाची एसटी पकडावी’. गाडी पावणेसहाची होती. एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: ‘तुमच्या लेखामुळे मी मुलांना घेऊन दोन तास थंडीत स्टँडवर बसलो.’ ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तेव्हापासून रोज रात्री झोपण्याआधी अर्धा तास वही. तिकीट चिकटवायचं, भाव लिहायचे, आणि माणसं जे बोलली ते त्यांच्याच शब्दांत. ‘वाईट वाटलं’ असं वहीत लिहू नका, कशाने वाटलं ते लिहा. वाटणं घरी येऊन आठवतं, टपरीवरच्या पाटीवर काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

परत आल्यावर जुनं वाचा. ब्रिटिश अमदानीतलं कोल्हापूर गॅझेटियर (म्हणजे त्या भागाच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) 1886 चं आहे आणि ते इंटरनेटवर फुकट मिळतं. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी तिथे कुठला बाजार भरत होता हे कळलं की आजचा बाजार वेगळा दिसतो. मात्र गॅझेटियरमधलं उचलून लेखात ओतू नका, वाचकाला लगेच वास येतो.

आता कंटाळवाणं, पण लागणारं. तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. बऱ्याच कंपन्यांत ‘अन्यत्र काम करणार नाही’ असं कलम असतं. लिखाणाबद्दल एचआरला एक ईमेल करून लेखी उत्तर ठेवा. वाचणाऱ्यांत केंद्र सरकारी नोकर असतील तर त्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत अधूनमधून केलेल्या साहित्यिक कामाला पूर्वपरवानगीची अट नाही, कामावर परिणाम होता कामा नये एवढंच. मानधन कितीही किरकोळ असलं तरी आयकर रिटर्नमध्ये दाखवा. आणि कुणी ‘सर्व हक्क आमच्याकडे’ असा कागद पुढे केला तर सही करण्याआधी मुदत बघा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्कांचं हस्तांतरण 5 वर्षांपुरतं धरलं जातं, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द दिसले की थांबा. मी पहिली तीन वर्षं न वाचता सह्या केल्या, आणि पुस्तक काढायची वेळ आली तेव्हा माझेच सात लेख मला घेता आले नाहीत.

नोकरीतलं लिहिताना आणखी एक सांभाळा. मी एकदा एका शाखेतल्या व्यवस्थापकाच्या टेबलाखालच्या कुत्र्याबद्दल प्रेमाने लिहिलं. ना गावाचं नाव, ना संस्थेचं. तरी तालुक्यात सगळ्यांना कळलं, कारण कुत्रा असलेली शाखा एकच. त्या माणसाला वरून विचारणा झाली. मी जाऊन माफी मागितली, त्याने चहा पाजला, पण पुढच्या ऑडिटला कुत्रा नव्हता. आता मी ऑडिटच्या चार भिंतींतलं काहीच लिहीत नाही, फक्त बाहेरचं.

दिवाळी अंकासाठी पाठवायचं असेल तर गणपतीपर्यंत थांबू नका, बरेचसे संपादक तोवर अंक जुळवून बसलेले असतात. मे-जूनमध्ये पाठवा. नकाराचं उत्तर येईलच असं नाही, बहुधा काहीच येत नाही. दोन महिने वाट बघून तोच लेख दुसरीकडे द्यायला हरकत नाही, फक्त पहिल्यांना तसं कळवा.

कॅमेऱ्याचं विचारलंत. हातातला फोन पुरे. त्या पैशांत जयसिंगपूरच्या सात-आठ खेपा होतात. जुलैत जाणार असाल तर वहीसाठी दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळवून सोबत ठेवा, आणि शाईचं पेन नेऊ नका.