वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : रोलरवरची अश्वशक्ती

गेल्या अंकात टर्बो पेट्रोल सेडान गाड्यांविषयीचा लेख आल्यानंतर रीमॅपिंग (इंजिन चालवणारे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे) आणि डायनो (रोलरवर चाके फिरवून गाडीची ताकद मोजणारे यंत्र) यांविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे 1.5 टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन आणि डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स असलेली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे. जानेवारीत मुंबईत मी तिचे स्टेज 1 (फक्त सॉफ्टवेअरचे) रीमॅपिंग करून घेतले. तेथील डायनोवर चाकांपाशी 172 पीएस (अश्वशक्तीचे एकक) भरले आणि ट्यूनरने इंजिनाची ताकद 202 पीएस असल्याचे कागदावर लिहून दिले. मे महिन्यात पुण्यातील एका डायनोवर गाडी चढवली, तेव्हा आकडा 158 वर थांबला. या दोघांपैकी खोटे कोण बोलत आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा दोघेही नाहीत, मात्र आपल्या पत्रात सर्वांत महत्त्वाचा आकडाच नाही. रीमॅपिंगच्या आधी, त्याच रोलरवर, गाडीने किती ताकद दाखवली होती? तो आकडा हाती नसेल, तर 172 आणि 158 या दोन्ही आकड्यांवरून ट्यूनिंगमुळे काय वाढले हे कोणालाही सांगता येणार नाही.

डायनो म्हणजे वजनकाटा नव्हे. काही डायनोंमध्ये जड रोलर असतो आणि गाडी त्याला किती वेगाने फिरवते यावरून ताकदीचे गणित मांडले जाते, तर काहींमध्ये विद्युतचुंबकीय ब्रेक लावून इंजिनावर खरा भार टाकला जातो, आणि या दोन प्रकारांचे आकडे एकाच गाडीसाठीही जुळत नाहीत. त्यात टायरमधील हवा, गाडी बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण आणि चाचणीसाठी निवडलेला गिअर या गोष्टींची भर पडते. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र असलेल्या गाडीच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक उष्णता पाडते. रस्त्यावर ताशी 100 किलोमीटर वेगाने इंटरकूलरवर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीवर) जी हवा आदळते, तितकी हवा गॅरेजमधला पंखा देऊ शकत नाही. आत जाणारी हवा तापली की ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, प्रसंगी बूस्टही (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी करतो आणि आलेख खाली येतो. मे महिन्यातल्या दुपारी, सलग तिसऱ्या फेरीला घेतलेला आकडा जानेवारीतल्या सकाळच्या पहिल्या फेरीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

हवामानातला हा फरक पुसून काढण्यासाठी डायनोचे सॉफ्टवेअर दुरुस्ती गुणक लावते, पण गुणकही एकच नाही. एसएई जे1349 या मानकात 25 अंश सेल्सिअस तापमान आणि 99 किलोपास्कल दाबाची कोरडी हवा गृहीत धरलेली असते, तर जुन्या ‘एसटीडी’ गुणकात हवा त्याहून थंड आणि दाट मानलेली असल्यामुळे त्याच चाचणीचा आकडा सुमारे 4 टक्क्यांनी फुगतो. शिवाय हे गुणक मुळात टर्बो नसलेल्या इंजिनांच्या वागणुकीवर बेतलेले आहेत. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेची उणीव टर्बो स्वतःच बरीचशी भरून काढतो, आणि त्यावर सॉफ्टवेअरनेही भरपाई केली तर एकाच उणिवेची वसुली दोनदा होते. दोन्ही कागदांवर गुणकाचे नाव छापलेले आहे का, ते आधी पाहावे.

आता 202 या आकड्याविषयी. ट्यूनरने 172 ला 0.85 ने भागले, म्हणजे इंजिनाची 15 टक्के ताकद गिअरबॉक्स आणि टायर यांच्यात खर्ची पडते असे मानले. हाच नियम मूळ 150 पीएसला लावला, तर तोटा 22.5 पीएस होतो आणि रीमॅपनंतर तोच 30 पीएस होतो. सॉफ्टवेअर बदलल्याने बेअरिंग, गिअरबॉक्समधले तेल किंवा टायर बदलत नाहीत. भाराबरोबर घर्षण थोडे वाढते हे खरे, पण मोठा भाग भारावर अवलंबून नसतो. त्यामुळे टक्केवारीने केलेला हिशोब ट्यून केलेल्या गाडीला नेहमीच उदार ठरतो. चाकांवरचा आकडा हा चाकांवरचाच आकडा म्हणून सांगावा, हे आमच्या मते अधिक प्रामाणिक आहे.

यापुढे आपण ताकदीच्या शिखराऐवजी टॉर्कची (इंजिनाच्या पिळाच्या जोराची) रेषा पाहावी, असे आम्ही सुचवू. आपल्या गाडीतील डीक्यू200 हा सात गतींचा, कोरड्या क्लचचा डीएसजी 250 न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे, आणि कंपनीने इंजिनाला तंतोतंत 250 न्यूटन मीटरच दिलेले आहेत. हा योगायोग नाही. 2016 ची स्कोडा सुपर्ब आठवते का? तिच्या 1.8 टीएसआय इंजिनाची ताकद मॅन्युअलमध्ये आणि डीएसजीमध्ये सारखीच 180 पीएस होती, पण टॉर्क मात्र मॅन्युअलला 320 आणि डीएसजीला 250 न्यूटन मीटर होता. इंजिन तेच होते. लगाम गिअरबॉक्सच्या हातात होता.

ताकद म्हणजे टॉर्क आणि इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) गुणाकार असल्यामुळे या मर्यादेतही वाट उरते. न्यूटन मीटरला आरपीएमने गुणून 7023 ने भागले की पीएस मिळतात. व्हर्टसचा 250 न्यूटन मीटर टॉर्क कंपनीच्या नोंदीप्रमाणे 1600 ते 3500 आरपीएमपर्यंत टिकतो. तोच टॉर्क जराही न वाढवता 5000 आरपीएमपर्यंत टिकवला, तर सुमारे 178 पीएस होतात. तो छोटा टर्बो तिथपर्यंत दम धरेल का हा वेगळा प्रश्न आहे, पण क्लचची काळजी असलेला ट्यूनर या दिशेने विचार करतो. आपल्या आलेखात 2000 आरपीएमपाशी टॉर्कचा उंच सुळका दिसत असेल, तर खुर्चीत पाठ टेकवणारा तो झटका क्लचच्या आयुष्यातून वसूल होत आहे असे समजावे. कमी फेऱ्यांवर जास्त भार टाकणे थेट इंधन फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांना मुळातच मानवत नाही, कारण ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा धोका तिथेच सर्वाधिक असतो.

प्रश्न : पीएस, बीएचपी आणि किलोवॅट यांतला फरक काय? जाहिरातींत तिन्ही दिसतात. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : जेम्स वॉटची अश्वशक्ती, जिच्यात बीएचपी मोजतात, म्हणजे मिनिटाला 33,000 फूट-पौंड काम, अर्थात सुमारे 746 वॅट. पीएस ही युरोपातील दशमान अश्वशक्ती असून ती 75 किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याइतकी, म्हणजे 735.5 वॅट आहे. त्यामुळे 150 पीएस म्हणजे जेमतेम 148 बीएचपी आणि 110 किलोवॅट. फरक किरकोळ आहे. मोजण्याच्या पद्धतीतला फरक मात्र किरकोळ नसतो. 1972 पर्यंत अमेरिकेतील कंपन्या अल्टरनेटर, एअर फिल्टर आणि नेहमीचा एक्झॉस्ट काढून मोजलेली ‘ग्रॉस’ ताकद छापत असत. त्या वर्षी ‘नेट’ पद्धत आली आणि इंजिने तीच असूनही आकडे एकदम खाली आले. जपानमध्ये उलटे घडले. तेथील कंपन्यांनी आपसांत ठरवून 2004 पर्यंत कोणत्याही गाडीची ताकद 280 पीएसच्या वर जाहीर केली नाही, त्यामुळे लान्सर इव्होल्यूशन आणि इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय या सेडान दरवर्षी वेगवान होत गेल्या, पण कागदावर 280 च राहिल्या.

प्रश्न : माझ्या ऑक्टाव्हिया 1.8 टीएसआयसाठी ट्यूनर ‘95 चा मॅप’ आणि ‘100 चा मॅप’ असे दोन पर्याय देत आहे. आमच्याकडे 100 ऑक्टेनचे पेट्रोल सहज मिळत नाही. आता तर सगळीकडे ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) आले आहे. काय करावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जे पेट्रोल आपल्या रोजच्या पंपावर मिळते, त्याचाच मॅप घ्यावा. ऑक्टेन जास्त असल्याने इंधनातील ऊर्जा वाढत नाही. ते दाबाखाली आपोआप पेटण्यास अधिक विरोध करते, आणि त्या जोरावर ट्यूनर इग्निशन लवकर आणि बूस्ट जास्त देऊ शकतो. इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये एक्सपी 100 आणले, तेव्हा निवडलेल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती. पण त्यासाठी बनवलेल्या मॅपवर गाडी गावाकडच्या पंपावरचे साधे पेट्रोल पिऊ लागली, तर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे असे आपोआप पेटणे, ओळखणारा नॉक सेन्सर क्षणोक्षणी इग्निशन मागे खेचत राहतो. अशी गाडी मूळ स्थितीतल्या गाडीहून सुस्तही वाटू शकते, आणि तो झाला सुदैवी प्रकार.

ई20 विषयी पत्रलेखकांत जितकी भीती दिसते, तितकी ती सरसकट योग्य नाही. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते आणि सरकारी निवेदनानुसार ई20 मिश्रणाचे ऑक्टेन 95 आहे, म्हणजे पूर्वीच्या 91 पेक्षा ट्यूनिंगसाठी बरेच. अडचण प्रमाणाची आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग लागतात, ई20 ला सुमारे 13.5; म्हणजे तितक्याच हवेत 8 ते 9 टक्के जास्त इंधन फवारावे लागते. सामान्य चालीत ऑक्सिजन सेन्सर ही दुरुस्ती करून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर), रीमॅपने आधीच ताणलेल्या उच्चदाब पंपाकडे आणि इंजेक्टरकडे तेवढी उसंत उरली आहे का, हे लॉग (सेन्सरच्या नोंदींचा तक्ता) पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पैसे देण्याआधी ट्यूनरकडे पूर्ण थ्रॉटलच्या एका फेरीचा लॉग मागावा आणि त्यात इंधनाचा मागितलेला आणि मिळालेला दाब, तसेच प्रत्येक सिलिंडरमागे इग्निशन किती अंश मागे घेतले गेले, हे दोन रकाने पाहावेत. लॉग देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडे गाडी देऊ नये. जुन्या गाडीच्या इंधन नळ्या आणि सील ई20 साठी बनवलेले आहेत का, याची खात्री मॅपच्याही आधी करून घ्यावी.

प्रश्न : रीमॅप केलेली गाडी पीयूसीमध्ये पकडली जाते का? ट्यूनर म्हणतो, सर्व्हिसिंगला नेताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकून देऊ. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पीयूसीची तपासणी गाडी उभी असताना, भाराशिवाय होते आणि रीमॅपचे काम पूर्ण भाराखाली दिसते, त्यामुळे नुसता रीमॅप तिथे सहसा दिसत नाही. कॅटालिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलेला डाउनपाइप (टर्बोमागची एक्झॉस्ट नळी) मात्र लपत नाही. पण पकडले जाणे ही कायदेशीरपणाची कसोटी नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीतून आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेले सुटे भाग बसवून बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

मूळ सॉफ्टवेअर परत टाकण्याच्या आश्वासनावर विसंबू नये. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत सॉफ्टवेअर बदलल्याचे आढळले की त्या गाडीच्या नावावर ‘टीडी1’ अशी नोंद होते आणि इंजिन व गिअरबॉक्सची वॉरंटी अडचणीत येते. विमा कंपनीला न कळवलेला बदलही दाव्याच्या वेळी आपल्याच विरुद्ध जाऊ शकतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. डायनोचे पैसे न भरता गाडीची ताकद मोजता येईल का? मोबाइलमधील ॲपवर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : येईल, आणि आपल्याला ते गणित स्वतः करता येईल. चालकासह 1400 किलो भरलेली गाडी एकाच गिअरमध्ये ताशी 80 वरून 120 किलोमीटरवर 5 सेकंदांत गेली असे समजा. तिच्या गतिज ऊर्जेत सुमारे 432 किलोज्यूलची वाढ झाली, म्हणजे सेकंदाला 86 किलोवॅट. त्यात हवेचा आणि टायरचा विरोध मिळवावा. साधारण सेडानसाठी ताशी 100 च्या आसपास तो 13 किलोवॅट भरतो. एकूण 99 किलोवॅट, अर्थात चाकांवर सुमारे 135 पीएस. ही त्या टप्प्यातली सरासरी आहे, शिखर नव्हे, आणि फिरणाऱ्या चाकांची जडता यात धरलेली नाही.

ॲपची खरी चूक बहुधा वेळेत असते. फोनमधील जीपीएस सेकंदाला साधारण एकदाच स्थान नोंदवतो, आणि 5 सेकंदांच्या मोजमापात अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे 10 टक्के. सेकंदाला 10 किंवा अधिक नोंदी घेणारा स्वतंत्र जीपीएस लॉगर वापरावा, त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांना धावून सरासरी काढावी, म्हणजे उतार आणि वारा रद्द होतात. हे महामार्गावर करू नये. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग स्पर्धेसारख्या ठिकाणी किंवा ट्रॅक डेला नाव नोंदवावे. वजन कंपनीच्या माहितीपत्रकातून घेऊ नये. वाटेत ट्रकचा वजनकाटा लागेल तिथे टाकी आहे तशी ठेवून, स्वतः चालकाच्या जागी बसून गाडी तोलावी आणि पावती जपून ठेवावी. 100 किलोंची चूक ताकदीच्या आकड्यात थेट 8 ते 9 पीएसची चूक बनून येते.